ओट्याचा दगड आणि दगडाआधीचा हिशेब

घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात. बांधलेल्या घरात नव्याने ओटा घालून पाहणाऱ्यांनाही या म्हणीचा प्रत्यय येतो. भिंतीचा रंग मनास आला नाही तर दोन वर्षांनी बदलता येतो, कपाटे हलवता येतात, फरशीवर सतरंजी अंथरता येते. ओट्यावर बसवलेला दगड मात्र पुढची वीस-पंचवीस वर्षे जागचा हलत नाही. त्याची उंची दोन इंचांनी चुकली, तर ती चूक रोज दोन वेळा स्वयंपाक करणाऱ्याच्या पाठीला जाणवत राहते. पाण्याचा उतार उलटा पडला, तर सिंकऐवजी पायांवर पाणी ओघळते. लाकूड तासता येते, सिमेंट खरवडून पुन्हा भरता येते. दगड एकदा कापला की कापला. म्हणूनच ओट्याच्या कामात महत्त्वाचे जवळजवळ सर्व निर्णय कटरचे पाते दगडाला लागण्यापूर्वीच घ्यावे लागतात. कारागीर दारात उभा असताना घाईने दिलेली उत्तरे पुढे महाग पडतात.

दगड आणि स्वयंपाकघर यांचे नाते आपल्याकडे जुने आहे. महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग काळ्या बेसॉल्ट खडकाचा असल्यामुळे जाते, पाटा-वरवंटा, उखळ ही सगळी त्याच काळ्या पाषाणाची. त्या काळी चूल जमिनीवर होती आणि स्वयंपाक बसून होत असे. गॅसची शेगडी आली, उभ्याने स्वयंपाक सुरू झाला आणि कमरेच्या उंचीचा ओटा घरोघर आला. आरंभी त्यावर सिमेंटचा कोबा, मोझॅक किंवा काळा कडप्पा असे; पुढे ग्रॅनाइटने ती जागा घेतली. जात्याचा दगड जुना झाला की त्याला टाकी लावून घेता येत असे. ओट्याच्या दगडाला तशी दुसरी संधी क्वचितच मिळते.

दगडाची ओळख

बाजारात ‘ग्रॅनाइट’ या एकाच नावाखाली अनेक प्रकारचे दगड विकले जातात. खरा ग्रॅनाइट हा क्वार्ट्‌झ, फेल्डस्पार आणि अभ्रक यांच्या कणांचा बनलेला अग्निजन्य खडक होय. राजस्थानातील जालोर, तेलंगणातील करीमनगर, कर्नाटकातील इलकल या परिसरांतून निरनिराळ्या रंगांचा ग्रॅनाइट येतो. आंध्र प्रदेशातील चिमाकुर्तीचा, काळ्या रंगात सोनेरी ठिपके चमकणारा ‘ब्लॅक गॅलेक्सी’ आणि निखळ काळे म्हणून विकले जाणारे अनेक दगड भूशास्त्राच्या दृष्टीने ग्रॅनाइट नसून गॅब्रो किंवा डोलेराइट जातीचे असतात. ओट्याच्या कामाला तेही उत्तमच. नावापेक्षा गुण पाहावा, इतकेच.

कडप्पा हा आंध्रातील त्याच नावाच्या जिल्ह्यातला चुनखडीचा दगड आहे. राजस्थानचा कोटा आणि कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादी फरशी हीसुद्धा चुनखडीच. संगमरवर हे चुनखडीचेच रूपांतरित रूप. या सर्वांवर लिंबू, चिंच, व्हिनेगर असे आंबट पदार्थ सांडले की दगडाची झिलई जाते आणि पांढुरका डाग उरतो. तो डाग वरून लागलेला नसतो, तर तेवढ्या जागी दगडच झिजलेला असतो. त्यामुळे तो पुसून जात नाही. जिथे रोज कोकम, चिंच, ताक आणि लिंबू यांचा वावर आहे, अशा ओट्यावर पांढरा संगमरवर घालणाऱ्याने ही गोष्ट आधीच मान्य करून टाकावी. कडप्पा ओट्याच्या खालच्या आधारासाठी आणि फडताळांसाठी मात्र आजही सोयीचा आहे.

दुकानात दगड पसंत करताना चार साध्या परीक्षा करता येतात. नमुन्याच्या तुकड्यावर लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाकून पंधरा मिनिटे ठेवावेत; झिलई मंदावली तर दगड चुनखडीचा आहे. पाण्याचे थेंब टाकून तितकाच वेळ थांबावे. खालचा दगड गर्द दिसू लागला तर तो पाणी शोषतो आणि त्याला सीलर लावणे आवश्यक ठरेल. काळ्या दगडावर नेलपॉलिश काढण्याच्या द्रावणात भिजवलेला पांढरा कापूस घासावा. कापूस काळा झाला तर दगडाला रंग चढवलेला आहे. चौथी परीक्षा पूर्ण स्लॅबची. स्लॅब ओला करून वाळू द्यावा. बाकीचा पृष्ठभाग कोरडा झाल्यावरही एखादी रेघ ओलसर राहिली, तर तेथे चीर असण्याचा संभव असतो. बोटाच्या पेराने ठोकल्यावर दगडाचा आवाज खणखणीत यावा, बद्द येऊ नये. स्लॅबच्या मागील बाजूस जाळी चिकटवलेली असेल, तर ती का चिकटवली आहे, हे विक्रेत्याला अवश्य विचारावे.

एकाहून अधिक स्लॅब लागणार असतील, तर ते एकाच लॉटमधले आणि शक्य तर लागोपाठच्या क्रमांकांचे घ्यावेत. छोट्या नमुन्यावरून मागवलेला दगड घरी आल्यावर रंगाने वेगळा दिसतो, कारण निसर्गाने दोन थर सारखे घडवलेले नसतात. पसंत केलेल्या स्लॅबच्या मागे खडूने आपली खूण करून ठेवणे हा जुना आणि चांगला उपाय आहे.

अलीकडे क्वार्ट्‌झ या नावाने कारखान्यात तयार झालेला दगडही लोकप्रिय आहे. क्वार्ट्‌झची भुकटी रेझिनमध्ये घट्ट बसवून तो बनवतात. तो सहसा डाग धरत नाही, पण रेझिनमुळे उष्णतेला नाजूक असतो. गॅसवरून उतरवलेला कुकर किंवा तापलेला तवा त्यावर थेट ठेवता येत नाही. ग्रॅनाइट ही उष्णता बऱ्यापैकी सोसतो.

उंची कोणाच्या मापाची?

ओट्याची उंची ठरवताना बहुधा गवंड्याला विचारले जाते आणि तो सवयीने ३२ ते ३४ इंचांमधला एखादा आकडा सांगतो. वास्तविक हे माप स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या अंगावरून घ्यावे. ताठ उभे राहून कोपर काटकोनात वाकवावे, जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर मोजावे आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करावेत. पाच फूट उंचीच्या व्यक्तीचे कोपर साधारण ३८ इंचांवर येते. तिच्यासाठी ३२ ते ३४ इंचांचा ओटा योग्य ठरतो. साडेपाच फूट उंचीच्या व्यक्तीला तोच ओटा वाकायला लावील.

कणीक मळणे आणि पोळ्या लाटणे यांसाठी हातावर जोर द्यावा लागतो, म्हणून त्या कामांना ओटा थोडा खाली हवा. भाजी चिरण्यासाठी थोडा वर चालतो. ओट्यावर ठेवायची शेगडी स्वतःच चार-पाच इंच उंच असते. त्यावर पातेले चढले की उकळती आमटी ढवळताना खांदा उचलावा लागतो. जागा असेल तर शेगडीपुरता ओटा तीन-चार इंच खाली घेणे सोयीचे. निर्णय होत नसेल, तर घरातल्या टेबलावर फळ्या किंवा जाड पुस्तके रचून निरनिराळ्या उंचीवर दोन दिवस पोळ्या लाटून पाहाव्यात. पाठ जे उत्तर देईल, ते कोणत्याही कोष्टकापेक्षा अधिक भरवशाचे असते.

ठरलेली उंची ही तयार फरशीपासून तयार दगडाच्या पृष्ठभागापर्यंतची, हे कारागिराला स्पष्ट सांगावे. समजा ३३ इंचांचा ओटा हवा आहे. दगडाची जाडी १८ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ पाऊण इंच, आणि त्याखालचा सिमेंटचा थर आणखी पाऊण इंच. म्हणजे खालचा आधार साडेएकतीस इंचांवर थांबला पाहिजे. हे न सांगितल्यास आधारच ३३ इंचांचा होतो आणि ओटा दीड इंचाने चढतो. पुढेमागे जुन्या फरशीवर नवी फरशी बसवण्याचा विचार असेल, तर तितकी उंची आधीच जमेस धरावी. अन्यथा नव्या फरशीने ओटा आपोआप बुटका होतो.

सिंक, शेगडी आणि भोके

दगड कापण्यापूर्वी सिंक, शेगडी आणि नळ या वस्तू प्रत्यक्ष घरात आलेल्या असाव्यात. पुस्तिकेतील मापावर विसंबून कापलेल्या दगडात सिंक बसत नाही, असे घडते. ओट्याची रुंदी सामान्यतः २४ इंच असते. १८ इंच रुंदीचे सिंक मधोमध बसवले, तर पुढे व मागे तीन-तीन इंचांची पट्टी उरते. दगडाचा सर्वांत अशक्त भाग तोच. नळ मागच्या पट्टीत बसवायचा असेल, तर ती पट्टी आणखी दुबळी होते. अशा वेळी नळ भिंतीत घेणे शहाणपणाचे.

कापलेल्या जागेचे चारही कोपरे गोलसर असावेत. कोपऱ्यात आधी भोक पाडून मग सरळ काप घेतल्यास ते साधते. तीक्ष्ण कोपऱ्यात ताण एकवटतो आणि दगडाला तडा जातो, तो तिथूनच. दोन दगडांचा सांधा सिंकवर किंवा शेगडीच्या कापावर कधीही येऊ देऊ नये. खाली भक्कम आधार असलेल्या जागीच तो असावा. सिंक दगडाखालून बसवायचे असेल, तर कापाची आतली कड पॉलिश केलेली हवी आणि सिंकला खालून स्वतंत्र आधार हवा. पाण्याने भरलेल्या सिंकचे वजन नुसत्या चिकटद्रव्यावर सोडणे धोक्याचे आहे.

गॅसच्या नळीचे भोक, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची नळी, मिक्सरसाठी विजेचा सॉकेट, ओट्याखालचा निचऱ्याचा नळ या सर्वांच्या जागा भिंतीवर खडूने आखून घ्याव्यात. सिलिंडर जमिनीवर उभा, शेगडीच्या पातळीखाली आणि हवा खेळती असलेल्या जागी राहील, हेही तेव्हाच पाहावे. नळाने येणाऱ्या गॅसची जोडणी हलवायची असेल, तर ते काम संबंधित कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्यावे. गवंड्याने किंवा नळकारागिराने त्याला हात लावू नये.

कापून निघालेला दगड ग्राहकाचा असतो, कारण त्याचे पैसे ग्राहकाने दिलेले असतात. सिंकच्या जागेतून निघालेल्या तुकड्याचा सुबक पोळपाट किंवा खिडकीची पाटली होते. हे आधी सांगून ठेवले नाही, तर तो तुकडा राडारोड्याबरोबर निघून जातो.

मापाचा आणि पैशांचा हिशेब

ओट्याच्या अंदाजपत्रकात दोन प्रकारची मापे असतात. दगड चौरस फुटांवर, तर कडेची गोलाई, पट्टी आणि पॉलिश धावत्या फुटांवर आकारले जाते. एल आकाराच्या ओट्यात येथेच घोटाळा होतो. एका भिंतीला १० फूट आणि दुसऱ्या भिंतीला ६ फूट असा २ फूट रुंदीचा ओटा घेऊ. दोन्ही लांबी मिळवून १६ फूट गुणिले २ असे केल्यास ३२ चौरस फूट येतात. पण कोपऱ्यातला २ फूट गुणिले २ फुटांचा चौकोन त्यात दोनदा मोजला गेला आहे. खरे क्षेत्रफळ २८ चौरस फूट. कडेचेही तसेच. दोन्ही टोके भिंतीला टेकलेली असतील, तर दिसणारी कड ८ अधिक ४, म्हणजे १२ फूट भरते, १६ नव्हे. केवळ हिशेबासाठी दगडाचा दर २०० रुपये आणि कडेचा १५० रुपये धरला, तर या एका कोपऱ्यात १,४०० रुपयांचा फरक पडतो.

अर्थात, २८ चौरस फुटांच्या ओट्याला २८ चौरस फूटच दगड विकत घेऊन भागत नाही. स्लॅब ठरावीक आकारात येतात, त्यामुळे काही भाग वाया जातो. काही दुकानांत स्लॅबचे माप तीन इंचांच्या पुढच्या पटीत धरण्याची रीत आहे. त्यात गैर काही नाही. मात्र ती रीत सौदा होण्यापूर्वी ग्राहकाला ठाऊक असावी. म्हणून लेखी अंदाजपत्रकात दगडाचे नाव व जाडी, मोजण्याची पद्धत, कडेचा प्रकार, सिंक व शेगडीच्या कापांची संख्या, जुना ओटा तोडण्याचा व राडारोडा उचलण्याचा खर्च, वाहतूक, जिना चढवण्याची मजुरी आणि जीएसटी या बाबी स्वतंत्र ओळींत मागाव्यात. वाहतुकीत किंवा चढवताना दगड तुटल्यास नुकसान कोणाचे, ही ओळ बहुतेक अंदाजपत्रकांत नसते. ती आग्रहाने लिहून घ्यावी.

रक्कम एकदम देऊ नये. कामाच्या टप्प्यांनुसार द्यावी आणि शेवटचा साधारण दहावा हिस्सा ओटा वापरून पाहिल्यानंतर, आठ-दहा दिवसांनी द्यावा. व्यवहार धनादेशाने, यूपीआयने किंवा खात्यातून खात्यात केला, तर प्रत्येक टप्प्याची नोंद आपोआप राहते. पक्के बिल घेतले नाही म्हणून थोडे पैसे वाचतात. पण वाद उद्भवल्यास ग्राहकाच्या हाती काहीच उरत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सदोष वस्तू व सदोष सेवा या दोहोंविरुद्ध तक्रार करता येते आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मार्गदर्शनासाठी उपलब्ध आहे. बिल आणि बँकेतील नोंद हाच तेथे पुरावा ठरतो.

केवळ ओट्याचे काम असेल, तर वर्षभर आधी आवर्ती ठेव सुरू करणे हा सर्वांत सोपा मार्ग होय. संपूर्ण स्वयंपाकघर नवे करायचे असल्यास घरदुरुस्ती व नूतनीकरणासाठीच्या कर्जाची चौकशी शाखेत करावी. त्यासाठीही लेखी अंदाजपत्रक लागतेच. स्वतः राहत असलेल्या घराच्या दुरुस्तीसाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर जुन्या करप्रणालीत वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळू शकते. नव्या प्रणालीत ती मिळत नाही. आपल्याला कोणती प्रणाली लागू आहे, ते पाहूनच हा लाभ हिशेबात धरावा.

कामाचे दिवस

जुना ओटा तोडणे हे एका दिवसाचे काम असते, पण त्या दिवसाची धूळ घरभर आठवडाभर राहते. सोसायटीची परवानगी, कामाच्या वेळा आणि राडारोडा टाकण्याची जागा आधी विचारून घ्यावी. गॅस बंद करून सिलिंडर बाहेर काढावा, पाण्याची कळ बंद करावी आणि दाराला ओला पडदा किंवा प्लॅस्टिक लावावे. त्यानंतर विटांच्या भिंती किंवा कडप्प्याच्या उभ्या फरश्या आणि त्यांवर आडवा आधार उभारण्यास एक-दोन दिवस लागतात. सिमेंटवर पाणी मारून ते पक्के होऊ द्यावे लागते. या मुदतीत घाई केली, तर आधार खचतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी दगडाला चीर पडते. दगड बसवण्याचे काम एका दिवसात होते. त्यानंतर भिंतीच्या टाइल्स, सिंकची जोडणी आणि सांधे भरणे यांत आणखी दोन-तीन दिवस जातात. सारांश, स्वयंपाकघर आठ-दहा दिवस बंद राहील, असे धरून चालावे. गणपती किंवा दिवाळी चार दिवसांवर आली असताना हे काम काढणाऱ्याला कारागीरही घाईतच भेटतो.

दगड घरात येतो, तो क्षण जोखमीचा असतो. १८ मिलिमीटर जाडीच्या ग्रॅनाइटचे वजन चौरस फुटाला सुमारे साडेचार किलो भरते. वरच्या उदाहरणातला ओटा सव्वाशे किलोंचा झाला. लांब तुकडा नेहमी उभा, कडेवर धरून न्यावा लागतो. आडवा धरल्यास तो स्वतःच्या वजनाने मधोमध मोडतो. लिफ्टमध्ये मावणार नसेल, तर जिना आणि त्याची वळणे आधी मोजावीत. त्या वेळी लहान मुलांना वाटेत थांबू देऊ नये.

बसवताना कारागीर पाणसळ लावून पाहतो. घरातल्या कोणीतरी त्याच वेळी तेथे उभे असावे. ओट्याला सिंकच्या दिशेने अगदी सौम्य उतार हवा. पाणी वाहून जावे, पण कढईतले तेल एका बाजूला जमू नये, इतकाच. पुढच्या कडेकडे उतार मुळीच नसावा. दगडाखाली सिमेंट सर्वत्र सारखे पसरलेले असावे. फक्त चार ठिकाणी गोळे ठेवून वर दगड टेकवला, तर मधली पोकळी पुढे तडकते. कडेच्या खालच्या बाजूस एक बारीक खाच पाडून घेतली, तर ओघळणारे पाणी कपाटाच्या दारांपर्यंत पोहोचत नाही. खर्च नाममात्र, पण ही खाच दगड बसवल्यावर पाडता येत नाही.

धुळीचा विचार

ओट्याच्या कामात अंदाजपत्रकात कधीच न दिसणारी एक किंमत आहे. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्‌झ, म्हणजे स्फटिकरूप सिलिका, मोठ्या प्रमाणात असते. कारखान्यात बनवलेल्या क्वार्ट्‌झच्या दगडात तर ती बहुधा नव्वद टक्क्यांच्या घरात जाते. दगड कोरडा कापला की तिचे अतिसूक्ष्म कण हवेत मिसळतात आणि श्वासावाटे थेट फुप्फुसात जाऊन बसतात. वर्षानुवर्षे ही धूळ छातीत साठली की सिलिकोसिस होतो. तो बरा करणारे औषध नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये अशा कामाच्या ठिकाणच्या सिलिकाच्या धुळीला कर्करोगकारक ठरवले. दगडाच्या खाणींचे राज्य असलेल्या राजस्थानने २०१९ मध्ये सिलिकोसिसग्रस्तांसाठी स्वतंत्र धोरण आणले. ऑस्ट्रेलियात ओटे कापणाऱ्या तरुण कारागिरांमध्ये हा आजार इतका आढळला, की १ जुलै २०२४ पासून त्या देशाने कारखान्यातील क्वार्ट्‌झच्या दगडावर बंदीच घातली.

आपल्या घरांत मात्र कारागीर बाल्कनीत किंवा जिन्यात बसून, तोंडाला रुमाल बांधून, कोरड्या कटरने दगड कापताना दिसतो. रुमालाने हे कण अडत नाहीत. घरातील माणसांना ही धूळ चार दिवस सोसावी लागते, त्याला ती आयुष्यभर. यावर उपाय अवघड नाही. मोठे काप कारखान्यातच पाण्याखाली करून आणावेत. घरी जे थोडे कापणे अटळ असेल, ते पात्यावर सतत पाणी सोडून, उघड्यावर करावे. कारागिराला योग्य प्रतीचा, निदान एन-९५ दर्जाचा, मास्क द्यावा आणि तो लावण्याचा आग्रह धरावा. धूळ झाडूने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी. पाण्याने कापल्यास चिखल होतो, वेळ अधिक जातो आणि मजुरी थोडी वाढते. ‘सर्व कापणे पाण्याने’ ही ओळ अंदाजपत्रकात घालून ती वाढीव मजुरी आनंदाने द्यावी. मापे आधी पक्की असतील, तर घरात कापावे लागणारे काप मोजकेच राहतात. म्हणजे ज्या पूर्वतयारीने ग्राहकाचा पैसा वाचतो, तिनेच कारागिराचा श्वासही वाचतो.

काम ताब्यात घेताना

शेवटची रक्कम देण्यापूर्वी दिवसाच्या उजेडात ओटा पाहावा. तिरप्या प्रकाशात ओरखडे आणि झिलईतील फरक दिसतो. सांध्यावरून नख फिरवावे. नख अडखळले तर दोन दगड एका पातळीत नाहीत. ओट्यावर तांब्याभर पाणी ओतून ते कोणत्या दिशेने जाते, ते पाहावे. बोटाने ठिकठिकाणी ठोकून पोकळ आवाज येतो का, ते तपासावे. सिंक काठोकाठ भरून एकदम सोडावे आणि खालचे जोड कोरडे आहेत, याची खात्री करावी. भिंत आणि दगड यांमधली फट सिलिकॉनने भरलेली असावी. नुसते पांढरे सिमेंट तेथे काही महिन्यांत सुटते आणि मग मुंग्या व झुरळांना वाट मिळते. दगड बसवल्यापासून निदान दोन-तीन दिवस त्यावर जड वस्तू ठेवू नये. ओट्यावर चढून पंखा किंवा फडताळ पुसण्याची सवय तर कायमचीच सोडावी. सिंकपुढची तीन इंचांची पट्टी माणसाच्या वजनासाठी बनवलेली नसते.

पुढची निगा फारशी कष्टाची नाही. रोज सौम्य साबणाचे पाणी आणि मऊ फडके पुरते. सिमेंटचे डाग काढण्यासाठी काही कारागीर ॲसिड वापरतात. चुनखडीच्या दगडाची त्याने कायमची हानी होते आणि ग्रॅनाइटचे सांधे कमकुवत होतात. ते वापरू देऊ नये. फिकट दगडावर हळद आणि तेल सांडल्यास लगेच टिपावे. तेलाचा डाग मुरलाच, तर खाण्याच्या सोड्याचा पाण्यात कालवलेला जाडसर लेप रात्रभर झाकून ठेवावा. तो तेल ओढून घेतो. पाणी शोषणाऱ्या दगडाला सीलर लावलेला असेल, तर काही काळाने पाण्याच्या थेंबाची परीक्षा पुन्हा करावी आणि थेंब मुरू लागला की नवा हात द्यावा.

पिढ्यान्‌पिढ्या घरातल्या जात्याने कोणाचे दळण दळले, हे त्याच्या झिजलेल्या खुंट्यावरून कळत असे. ग्रॅनाइट तसा झिजत नाही. त्यावर काम करणाऱ्याचा हात सुखाने चालतो की अवघडतो, हे मात्र तो बसवण्याआधीच्या चार दिवसांत ठरून गेलेले असते. त्या चार दिवसांत मोजपट्टी, खडू आणि एक वही जवळ ठेवली, म्हणजे पुढची वीस वर्षे त्या ओट्याकडे पाहून मनात खंत येत नाही.